खांब धरलेल्याला काही विचारायचं नाही

आमच्या जुन्या बालवाडीच्या खोलीत बरोबर मध्यभागी एक खांब होता आणि त्याच्यावर माझा भारी राग होता. खोली तशी ऐसपैस, पण कुठूनही बघा, खांब आडवा. गोष्ट सांगायला बसलं की चार मुलं त्याच्यामागे गडप व्हायची. गाण्यावर नाचायला उभं केलं की कुणाचं तरी डोकं त्याच्यावर आपटायचंच. गोल, सिमेंटचा, खालून अर्ध्यापर्यंत हिरवा ऑइलपेंट दिलेला, आणि एवढा जाड की कुठल्याही मुलाची मिठी त्याला पुरी पडायची नाही. ही खोली ज्यानं बांधली त्याच्या घरात कधी लहान मूल नसणार, हे मी येईल त्याला ऐकवायचे.

मुलांना मात्र तो हवा असायचा. नवं मूल आलं, आई दारातून वळली आणि भोकाड सुरू झालं, की कुणीतरी जुनं मूल उठायचं, त्याला बोटाला धरून खांबापाशी नेऊन सोडायचं. ते मूल खांबाला मिठी मारायचं, गाल टेकवायचं. मग एक नियम लागू व्हायचा. खांब धरलेल्याला काही विचारायचं नाही. का रडतोस, नाव काय, खेळायला येतोस का, काही म्हणजे काही नाही. त्याच्याकडे टक लावून बघायचंसुद्धा नाही. त्यानं आपणहून हात सोडले की तो आपला. तोवर तो खांबाचा.

हा नियम कुणी केला, मला ठाऊक नाही. मी तर नक्कीच केला नाही. मी बोलून बोलून मुलाला गप्प करणाऱ्यांतली. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सख्खी बहीण सांगते. माझ्या आधीच्या बाईंना मी विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या, “मी आले तेव्हा होताच.” म्हणजे बघा, ज्यांना उजव्या पायातला बूट डाव्यात घातलाय हे कळत नाही, ती तीन-चार वर्षांची मुलं हा कायदा एकमेकांच्या हवाली करत आली होती. मोठी मुलं शाळेत निघून जायची, तोवर धाकटी आलेली असायची, आणि मधल्या मध्ये तो हातोहात पुढे सरकायचा. कुणी लिहिला नाही, कुणी पाठ करून घेतला नाही. मोठी माणसं सह्याशिक्क्यांनिशी करार करतात आणि वर्षात विसरतात. ह्याचा विचार करायला लागले की मी थक्क होऊन बसायचे, आणि तेवढ्यात कुणीतरी रंगाची वाटी सांडायचं.

मुंगी त्या खोलीतल्या आमच्या शेवटच्या वर्षी आली. मुंगी हे मुलांनी ठेवलेलं नाव. अंगानं बारीक, आणि चालली तर पावलांचा आवाज नाही. तिची आई जाऊन थोडेच महिने झाले होते. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठे लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकली की ह्यांचा फोन वाजायचा, आणि जेवणाच्या ताटावर असले तरी उठून पळावं लागायचं. बोटांच्या पेरांत ग्रीसचा काळेपणा कायमचा बसलेला. मुंगीच्या दोन वेण्या ते स्वतः घालायचे, आणि त्या वेण्यांवर लिफ्ट लटकवायची असल्यासारखा घट्ट पीळ द्यायचे.

रोज सकाळी मुंगी आत यायची, बूट काढायची आणि सरळ खांबाकडे जायची. वडील दारात घुटमळत राहायचे. मी म्हणायचे, “जा तुम्ही निश्चिंत. ती खांबाकडे आहे.” थोड्या वेळानं ती हात सोडायची, माती मळायच्या टेबलाशी यायची आणि दिवसभर ठीक असायची. तेवढं एक झालं की झालं.

मग ती इमारत पाडायची ठरली आणि आम्हाला दोन रस्ते पलीकडे नवी जागा मिळाली. आधी तिथे फर्निचरचं दुकान होतं. मोठा हॉल, रस्त्याच्या बाजूला छतापर्यंत काचा, उजेडच उजेड. बदलासाठी मुलांची तयारी कशी करून घ्यावी ह्यावर मी चार प्रशिक्षणं ऐकली आहेत आणि दोन स्वतः दिली आहेत, त्यामुळे मी कमरेला पदर खोचूनच कामाला लागले. नव्या जागेचे फोटो दाखवले. प्रत्येकानं आपापला कप आपल्या हातानं खोक्यात भरला. जुन्या दाराला टाटा, नळाला टाटा, खिडकीला टाटा. खांबाला टाटा करायचं मला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर मनात म्हणत होते, सुटले एकदाची ह्या मेल्याच्या तावडीतून.

नव्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी मी दोन्ही हात पसरून म्हणाले, “बघा रे, खांब नाही! पळा आता कुठूनही कसंही!”

मुलं पळाली. मी कौतुकानं बघत होते. बघता बघता मला काहीतरी खटकलं. आमच्याकडे भोंगा नावाचा एक मुलगा होता, आवाजावरून नाव पडलेलं. तो ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुसाट निघाला आणि हॉलच्या मध्यावर आल्यावर झोकात वळसा घालून पुढे गेला. त्याच्यामागून शेपूट धावत होतं. ते कुणाच्या ना कुणाच्या मागे असायचंच, म्हणून शेपूट. त्यानंही वळसा घातला. एक मुलगी खेळण्यातली गाडी दोरीनं ओढत आली, तिनं मध्यापाशी दोरी आखूड केली, गाडी बाजूनं काढली आणि परत दोरी सैल सोडली. एक चेंडू मधोमध जाऊन थांबला, तर जो आणायला गेला तो पलीकडून वळून गेला आणि हात लांब करून चेंडू काढून आला.

मी स्वतः त्या जागेवर जाऊन उभी राहिले. मुलं खेळायची थांबली आणि माझ्याकडे अशी बघू लागली, जशी काही मी भिंतीत शिरून उभी आहे. मी निमूटपणे बाजूला झाले आणि मुलं परत पळू लागली, त्या जागेला वळसा घालून. मी ज्याला जन्मभर शिव्या दिल्या तो खांब ह्यांनी सगळ्यांनी मिळून, एकमेकांना एक शब्द न बोलता, उचलून आणला होता. फक्त तो मला दिसत नव्हता.

आणि मग मुंगी आली. बूट काढले, सरळ त्या जागेपाशी गेली. डोळे मिटले, दोन्ही हात पसरले, गाल कलता केला आणि पुढे झुकली. तोल जाऊन एक पाऊल पुढे पडलं. हात एकमेकांवर येऊन मिटले, मध्ये काहीच नव्हतं. तिनं डोळे उघडून स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग वळली, परत दाराशी गेली आणि वडिलांचा पाय धरला. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

वडिलांचा फोन वाजत होता. कुठल्याशा इमारतीत एक आजोबा लिफ्टमध्ये अडकले होते. वडिलांना मुंगीची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

त्या दिवसापासून मुंगी बुटांच्या मांडणीच्या खालच्या कप्प्यात जाऊन बसू लागली. दिवसभर तिथेच. खायची नाही, बोलायची नाही, कपडे ओले झाले तरी उठायची नाही. मी गोड बोलून पाहिलं, गाणी म्हणून पाहिली, मांडणीसमोर स्वतः फतकल मारून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. घरीही तेच चाललं होतं. रात्री वडिलांचा शर्ट मुठीत धरून जागी राहायची.

आठवड्याच्या मध्याला ते घ्यायला आले तेव्हा बाहेरच थांबले आणि मला म्हणाले, “बाई, माझी मोठी बहीण शनिवारी येतेय. हिला घेऊन जाते म्हणतेय. तिकडे घर भरलेलं आहे, तिची दोन मुलं आहेत. करमेल हिला.”

“तिकडे म्हणजे दुसऱ्या गावाला?” मी म्हणाले. “आणि तुम्ही?”

“जाईन की महिन्यातून एकदा.”

“अहो, आई गेली, खांब गेला, आता बापही न्यायचा तिच्यापासून?” माझा आवाज चढला. मला आवरता येत नाही.

ते रागावले नाहीत. स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. “रोज सकाळी मला तिची बोटं सोडवायला लागतात हो,” ते म्हणाले. “एकेक. अंगठा शेवटी. मला नाही जमत आता ते.”

शनिवारपर्यंत थांबा, एवढंच म्हणाले. “शनिवारपर्यंत आहेच ती,” ते म्हणाले.

मग मी माझी अक्कल चालवली. नाटकांचे सेट बनवणारा एक सुतार ओळखीचा होता. त्याच्याकडून रातोरात प्लायवुडचा गोल खांब करून घेतला, तेवढाच जाड, तसाच हिरवा. आणि मुलांना आवडेल म्हणून त्यावर एक मोठं हसरं तोंड रंगवून घेतलं, भोवती चांदण्या. गुरुवारी सकाळी तो बरोबर मध्यावर उभा केला आणि विजयी मुद्रेनं बाजूला झाले.

मुलं गोळा झाली. भोंग्यानं टकटक केलं. ढब ढब आवाज आला. “पोकळ आहे,” त्यानं जाहीर केलं. आमच्यात एक वकील होती. साडेचार वर्षांची, पण तिच्याशी वाद घालून अजून कुणी जिंकलेलं नाही. ती खांबाभोवती एक फेरी मारून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाई, हा हसतोय.”

“मग? छान आहे की!”

“खांब हसत नाही,” ती म्हणाली. “खांब काहीच करत नाही. म्हणून तर तो खांब असतो.”

तेवढ्यात भोंगा त्याला टेकला, खांब सरकला, डुलला आणि धाडकन मातीच्या टेबलावर आडवा झाला. मांडणीच्या कप्प्यात मुंगीनं कानांवर हात ठेवले. दुपारी सुतार खांब घेऊन गेला. कुठल्यातरी बालनाट्यात लावतो म्हणाला. मी कपाळाला हात लावून बसले. सगळे उपाय थकले होते आणि मध्ये फक्त शुक्रवार उरला होता.

शुक्रवारी मी कोपऱ्यात रंगाचे ब्रश धूत होते. हॉल जरा जास्तच शांत वाटला म्हणून मान वर केली. मुलांचा शांतपणा म्हणजे कुठेतरी काहीतरी शिजतंय. बघते तर मधल्या जागेवर भोंगा ताठ उभा. हात खाली चिकटवलेले, नजर समोर. शेपटानं जाऊन त्याला मिठी मारली आणि लगेच सोडली.

“बारीक आहे,” शेपूट म्हणालं. “माझे हात पुरतात.”

“पुरायला नकोत,” वकील म्हणाली.

मग एकजण भोंग्याच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला. शेपटानं मिठी मारून बघितली. अजून पुरत होते. तिसरी आली, चौथा आला, चौघं पाठीला पाठ लावून आत दबून उभे राहिले. शेपटानं परत हात पसरले. ह्या वेळी बोटं एकमेकांना भेटली नाहीत. “आता झाला,” ते म्हणालं. त्यावर भोंग्याला हसू फुटलं, सगळा खांब गदगदला. “खांब हसत नाही,” वकिलीणबाईंनी दटावलं. परत उभे राहिले. कुणालातरी शिंक आली. परत उभे राहिले. तिसऱ्यांदा मात्र काहीतरी झालं आणि चौघं खरोखरच गप्प झाले. भोंगा, ज्याच्या ओरडण्यानं जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावरचे लोक वर यायचे तो भोंगा, तोंड मिटून समोर बघत होता आणि नुसता श्वास घेत होता.

मी शाबास म्हणायला तोंड उघडलं. वकिलीणबाईंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी तोंड मिटलं.

मुंगीला बाहेर यायला बराच वेळ लागला. आधी कप्प्यातून डोकं आलं, मग एक पाय. ती भिंतीकडेनं चालत आली, मध्येच थांबली, परत निघाली. भोंग्यासमोर उभी राहिली. भोंग्याची नजर तिच्या डोक्यावरून समोरच्या काचेकडे. तिनं एका बोटानं त्याच्या स्वेटरला हात लावला. तो हलला नाही. मग तिनं डोळे मिटले, दोन्ही हात पसरले आणि पुढे झुकली.

ह्या वेळी ती पडली नाही. हात पुरले नाहीत, गाल टेकला, आणि मुंगी रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडून, पोटातून. एवढ्याशा जिवात एवढं रडू मावतं कसं, मला कळेना. आईसाठीचं रडणंही त्यातच असणार; ते आजवर कुणी ऐकलंच नव्हतं.

आणि बाकीची मुलं! कुणी वळून बघितलं नाही. कुणी माती मळत होतं, कुणी ठोकळे रचत होतं, मुद्दाम पाठ करून. मध्येच भोंग्याचे पाय दुखायला लागले असावेत. त्यानं काही सांगितलं नाही, पण ठोकळ्यांवरून एक मुलगी उठली, बाजूनं आत सरकली, आणि भोंगा हळूच निसटला. मुंगीच्या गालाखालचा खांब बदलला आणि पडला नाही. मी ओले ब्रश हातात धरून उभी होते, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी मुलांना बरंच काही शिकवलं असं समजत होते. त्या घडीला मला हात जोडावेसे वाटले, आणि कुणाला जोडायचे तेही समोर दिसत होतं.

मुंगीनं आपणहून हात सोडले. नाक बाहीला पुसलं आणि मातीच्या टेबलाशी जाऊन बसली.

संध्याकाळी वडील आल्यावर मी हे सगळं धापा टाकत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. खूप दमलेले होते. “बरं झालं,” ते म्हणाले, “पण बॅग भरून झालीय, बाई. उद्या ताई स्टेशनवर उतरली की मी हिला घेऊन जातो. एका दिवसाच्या भरवशावर मी काय करू? दिवस तुमच्याकडे असतो. रात्र माझ्याकडे असते.”

ते खरं होतं.

शनिवारी त्यांनी रजा घेतली होती. मुंगीला सकाळीच सोडून गेले आणि दुपार व्हायच्या आधी तिला न्यायला परत आले. बूट काढून हॉलमध्ये आले. मुंगी मातीच्या टेबलाशी होती. त्यांना फक्त “चल” म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. मिटलं, परत उघडलं. एवढा उंचापुरा माणूस, पायात एका अंगठ्याला भोक पडलेले मोजे, आणि त्याला एक अक्षर बोलता येईना.

मुंगीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. दारात उभ्या असलेल्या नव्या मुलाकडे जुनी मुलं बघतात तसं. हात पुसले, उठली, त्यांचं बोट धरलं आणि त्यांना चालवत हॉलच्या मध्यावर आणलं. तिथे बोट सोडलं, त्यांच्याकडे तोंड करून ताठ उभी राहिली, हात खाली चिकटवले, नजर समोर. भोंगा आला आणि तिच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला. मग आणखी दोघं. कुणी कुणाला हाक मारली नव्हती.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर सगळी प्रशिक्षणं आली. मोठ्यांनी आपला भार लहानांवर टाकू नये, हे मीच पालकांना सांगते. पुढे व्हायला पाऊल उचललंही. पण भार तिच्या एकटीवर नव्हता. चौघं होते, आणि आणखी दोघं जागा घ्यायला जवळ येऊन उभे होते. मी पाऊल मागे घेतलं.

शेपूट त्यांच्या मागे उभं होतं. त्यानं त्यांची पँट ओढली. “काका, धरा ना,” ते हळूच म्हणालं. “कोणी काही विचारत नाही.”

ते गुडघ्यांवर खाली बसले. हात पसरले आणि चारही मुलांना मिठी मारली. त्यांचे हात सहज पुरले, पण त्यावर कुणी हरकत घेतली नाही. कपाळ मुंगीच्या खांद्यावर टेकलं आणि पाठ हलायला लागली. बायको गेल्यापासून ह्या माणसानं वेण्या घातल्या होत्या, डबे भरले होते, लिफ्टा उतरवल्या होत्या. हे मात्र करायला त्यांना कुठे जागाच मिळाली नव्हती.

कुणी बघितलं नाही. कुणी माती मळत होतं, कुणी ठोकळे रचत होतं. मुंगीच्या नाकाच्या शेंड्यावर मातीचा एक ठिपका वाळत होता. तो खाजत असणार, कारण नाक सारखं हलत होतं. पण हात वर गेला नाही. चार वर्षांची मुलगी, बापाचं सगळं वजन तिच्या बाजूला झुकलेलं, आणि ती समोर काचेबाहेरच्या रस्त्याकडे बघत निश्चल उभी. मी समुद्र पाहिलाय, डोंगर पाहिलेत. माझी मान अशी कुठे लवली नव्हती.

त्यांचा फोन जमिनीवर पडला होता आणि वाजत होता. थांबला, परत वाजला. शेवटी मी उचलला आणि कोपऱ्यात गेले. त्यांची बहीण होती, स्टेशनवर उतरलेली, काळजीत. “कुठे आहे हो तो? काय झालंय? निघाला का तिला घेऊन?”

“ते इथेच आहेत,” मी म्हणाले. पुढे सांगण्यासारखं खूप होतं, आणि मला बोलायला आवडतं. “थोडं थांबा,” एवढंच म्हणाले.

त्यांनी आपणहून हात सोडले तेव्हा मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, पण गुडघ्यांवरून उठले नाहीत.

“ताई,” ते म्हणाले, “तू घरी ये. मी बरा नाहीये, ताई. तू ये आणि थोडे दिवस राहा. पण ती कुठे जाणार नाही. आम्ही दोघं इथेच आहोत.”

मुंगीनं आधी नाक खसाखसा खाजवलं. मग त्यांच्या शेजारी खाली बसली आणि त्यांचं बोलणं संपायची वाट बघू लागली.